वीसपट म्हणजे कशाच्या वीसपट?

मागच्या महिन्यात आत्याचा फोन आला. गुडघ्यांसाठी कुणीतरी तिला हळदीच्या कॅप्सूल सुचवल्या होत्या, बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की काळ्या मिरीच्या अर्कामुळे शोषण वीसपट. आत्या तीस वर्षं बँकेत कॅशियर होती त्यामुळे तिचा प्रश्न सरळ, "अगं, वीसपट म्हणजे कशाच्या वीसपट? मूळ आकडा कुठे लिहिलाय?" मी एम.फार्म.पासून जवळपास हेच काम करतेय, वनस्पतीतली कुठली द्रव्यं आतड्यातून रक्तात जातात ते लॅबमध्ये तपासायचं, आणि तरी मला फोनवर एका वाक्यात उत्तर देता येईना. म्हणून हे एवढं लांबलचक.

आपल्याकडे पोरगं ताटभर जेवूनही हडकुळं राहिलं तर म्हणतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. औषधाचंही अगदी तेच असतं, पण औषधाच्या बाबतीत आपण ते विसरतो आणि समजतो की गिळलं म्हणजे पोचलं. तोंडापासून खालपर्यंत ही एक लांबच लांब नळी आहे आणि नळीच्या पोकळीतली वस्तू खरं तर अजून शरीराच्या बाहेरच असते, लहान मुलाने गिळलेलं नाणं दोन-तीन दिवसांनी जसंच्या तसं बाहेर येतं ते याचमुळे. आत जायचं तर नळीची भिंत ओलांडायला हवी. ही भिंत म्हणजे लहान आतड्याचं अस्तर, पेशींचा फक्त एक थर, जाडी आपल्या केसापेक्षा कमी. पण घड्या आणि केसाळ उंचवटे इतके की सगळं पसरलं तर, पूर्वी पुस्तकांत टेनिस कोर्टएवढं म्हणायचे, २०१४ मध्ये स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी नीट मोजून ते सुमारे ३० चौरस मीटरवर आणलं. म्हणजे सव्वातीनशे स्क्वेअर फूट. पुण्यातला वन आरके.

या भिंतीतून पलीकडे जायचे रस्ते मोजकेच आहेत. एक म्हणजे सरळ पेशीतून आरपार, पण पेशीचं आवरण तेलकट असतं त्यामुळे थोडंफार तेलात मिसळणारंच द्रव्य त्यातून जाऊ शकतं, आणि पुन्हा ते इतकंही तेलकट नको की आतड्यातल्या पाण्यात विरघळणारच नाही. दुसरा रस्ता दोन पेशींच्या मधल्या बोळातून, तो फार अरुंद, लहानसहान आणि पाण्यात विरघळणारी द्रव्यंच त्यातून घुसतात. तिसरा वशिल्याचा, म्हणजे साखर, अमिनो आम्लं वगैरे नेण्यासाठी पेशीवर खास वाहक प्रथिनं असतात आणि एखादं औषध साखरेसारखं दिसत असेल तर ते त्यांच्या ओळखीने आत शिरतं.

आणि मग वॉचमन. पेशीत शिरलेलं द्रव्य पकडून पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलून देणारा एक प्रोटीनचा पंप असतो, नाव पी-ग्लायकोप्रोटीन, लॅबमध्ये सगळे पी-जीपी म्हणतात. तो १९७६ मध्ये टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग या दोघांना सापडला, हॅमस्टरच्या पेशींमध्ये, आणि तेव्हा ते आतड्याचा विचारही करत नव्हते. कोल्चिसीन नावाचं विष देऊनही काही पेशी मरत नव्हत्या, ते विष पेशीत टिकतच का नाही हे शोधताना हा सापडला. कोल्चिसीन आपल्या कळलावीतही असतं बरं का, पावसाळ्यात सह्याद्रीत कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. म्हणजे या वॉचमनची पहिली ओळख झाली तीच वनस्पतीतल्या विषामुळे, आणि ते साहजिकच आहे, झाडं स्वतःच्या बचावासाठी विषं तयार करतात आणि आपलं आतडं लाखो वर्षं ती बाहेर ढकलायला शिकत आलंय. औषधी वनस्पतींची द्रव्यं शोषली जात नाहीत याचं इतकं आश्चर्य वाटायला नको खरं तर.

वॉचमनच्या तावडीतून सुटलं तरी पेशीच्या आत एन्झाईम बसलेली असतात, कुणी तुकडे करतं, कुणी शेपूट चिकटवून परत पाठवतं. त्यातून निघालं की रक्त थेट यकृतात जातं, तिथे पुन्हा तोच प्रकार. इतकं सगळं ओलांडून जे मूळ रूपात उरेल तेच खऱ्या अर्थाने अंगी लागलं.

आता हे लॅबमध्ये बघायचं कसं? दर वनस्पतीच्या दर द्रव्यासाठी माणसांना गोळ्या देऊन रक्त काढत बसणं शक्य नाही, एकेका काढ्यात शंभर-शंभर द्रव्यं असतात. म्हणून भिंतीची नक्कल करायची.

जुनी पद्धत १९५४ ची, विल्सन आणि वाइजमन यांची. उंदराच्या आतड्याचा तुकडा घ्यायचा, कुर्त्याची बाही उलटी करावी तसा उलटा करायचा, म्हणजे आतलं अस्तर बाहेर येतं, दोन्ही टोकं बांधून पिशवी करायची आणि औषधाच्या द्रावणात सोडायची. पिशवीच्या आत जे झिरपलं ते शोषलं गेलं. फार्मसी कॉलेजात आम्ही हे बोकडाच्या आतड्यावर करायचो, उंदरासाठी एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि मटणाच्या दुकानासाठी काही लागत नाही, फक्त सकाळी सहाला थर्मासमध्ये थंडगार क्षारद्रावण घेऊन जाऊन उभं राहावं लागतं. दुकानदार विचारायचा, "ताई, रोज नुसतं आतडंच नेता, वजडी आवडते वाटतं?" आतडं तासा-दोन तासांत मरायला लागतं, म्हणून स्कूटरवरून पळत यायचं. पद्धत स्वस्त आहे, पण रोजचं आतडं वेगळं, बोकड वेगळा, आकडे कधीच नीट जुळत नाहीत.

हल्ली जगभर जे मुख्यतः वापरतात ते म्हणजे कॅको-२ पेशी. नावातच सगळं आहे, कार्सिनोमा आणि कोलोन यांची पहिली अक्षरं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंगमध्ये योर्गेन फॉग यांनी ७२ वर्षांच्या एका माणसाच्या मोठ्या आतड्याच्या गाठीतून या पेशी वाढवल्या. माणूस गेला, पेशी मात्र अजून वाढतायत. गंमत अशी की त्या निघाल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधून, पण त्यांना दाटीवाटीने वाढू देऊन तीन आठवडे निवांत सोडलं तर स्वतःहून लहान आतड्याच्या पेशींसारख्या वागायला लागतात, वरच्या बाजूला बारीक केसाळ झालर येते, शेजारणीशी घट्ट सांधा जुळतो, वॉचमनसुद्धा हजर होतो. १९८९ मध्ये अमेरिकेत हिडाल्गो आणि सहकाऱ्यांनी आणि पुढच्या दोन वर्षांत स्वीडनमध्ये आर्टुर्सन यांनी दाखवलं की या थरातून औषध किती वेगाने पार होतं यावरून माणसात ते कितपत शोषलं जाईल याचा बरा अंदाज येतो, आणि मग औषध कंपन्या तुटून पडल्या. आपल्याकडे बऱ्याच लॅब या पेशी पुण्याच्याच एनसीसीएसमधून, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून मागवतात, विद्यापीठाच्या आवारात आहे ते केंद्र.

मांडणी डोळ्यासमोर आणायची तर चहाच्या कपात गाळणी ठेवा. गाळणीचा तळ म्हणजे एक पातळ प्लॅस्टिकचा पडदा, त्याला ०.४ मायक्रॉनची भोकं. पेशी या पडद्यावर वाढतात आणि सलग फरशी बसवल्यासारखा थर होतो. थराच्या वरची बाजू म्हणजे आतड्याची पोकळी, खाली कपातली बाजू म्हणजे रक्त. अशा बारा किंवा चोवीस गाळण्या एका प्लेटमध्ये असतात. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि दर एक दिवसाआड मिडीयम, म्हणजे पेशींचं खाद्य असलेलं द्रावण बदलायचं, हे २१ दिवस. यात शनिवार-रविवार नाही, गौरी-गणपती नाही. मिडीयम गुलाबीसर असतं आणि आम्लता वाढली की पिवळं पडतं, त्यामुळे इन्क्युबेटरचं दार उघडल्याबरोबर पहिलं लक्ष रंगाकडे जातं. जुलैमध्ये एकदा अठराव्या दिवशी दार उघडलं तर चोवीसच्या चोवीस खड्ड्यांत गढूळ पिवळं पाणी आणि दोघांत तर कापसासारखे पुंजके. बुरशी. पावसाळ्यात हे होतंच असं सगळे म्हणाले, लॅबच्या मामांनी प्लेट ब्लीचमध्ये बुडवली आणि मी पुन्हा पहिल्या दिवसावर.

एकविसाव्या दिवशी आधी थर खरंच सलग आहे का ते बघायचं. त्यासाठी दोन काड्यांसारखं इलेक्ट्रोड असतं, आम्ही चॉपस्टिकच म्हणतो, एक काडी वर, एक खाली, आणि थरातून वीज जायला किती विरोध होतो ते मीटरवर वाचायचं. फरशीच्या सांध्यात सिमेंट नीट भरलंय का हे वरून पाणी ओतून बघतात ना, तसंच. रिकाम्या गाळणीचा विरोध वजा करून, क्षेत्रफळाने गुणून साधारण अडीचशे-तीनशेच्या वर आकडा आला तर पुढे जायचं. हात जरा जास्त खोल गेला आणि काडी तळाला लागली की तीन आठवड्यांच्या मेहनतीला ओरखडा.

मग वर द्रव्य टाकायचं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने खालून थेंब-थेंब सॅम्पल काढायचं, दोन तास. सॅम्पल एचपीएलसी नाहीतर एलसी-एमएसवर, ही मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणारी यंत्रं. त्यातून जो आकडा काढतात तो वेगासारखा असतो, सेकंदाला इतके सेंटिमीटर. आणि हे वेग इतके बारीक असतात की सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागात बोलतात. सेकंदाला एक दहालाखांश सेंटिमीटर हा वेग धरला तर अख्ख्या दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत एक मिलिमीटरही होत नाही. मोठा ढोबळ हिशेब असा की यापेक्षा कमी असेल तर द्रव्य फारसं शोषलं जाणार नाही आणि दहाच्या वर असेल तर चांगलं जाईल, पण हा हिशेब लॅबगणिक बदलतो म्हणून शेजारच्या खड्ड्यांत ओळखीची औषधं ठेवावीच लागतात. प्रोप्रॅनोलॉल धडाक्यात पार होतं, अ‍ॅटेनोलॉल रेंगाळतं, दोन्ही एकाच घराण्यातली बीपीची औषधं. आपलं द्रव्य या दोघांच्या मध्ये कुठे बसतं ते बघायचं.

वॉचमनचा छडा लावायची युक्ती मला स्वतःला फार आवडते. आधी वरून खाली किती जातं ते मोजायचं, मग दुसऱ्या प्लेटमध्ये द्रव्य खाली टाकून वर किती येतं ते मोजायचं. नुसतं झिरपणंच असेल तर दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. खालून वर येणारं दुपटीहून जास्त असलं की समजायचं कुणीतरी बाहेर ढकलतंय. मग वेरापामिलसारखं औषध टाकून वॉचमनला चहाला पाठवायचं आणि पुन्हा मोजायचं, फरक मिटला तर चोर सापडला. दारुहळदीतलं बर्बेरीन याचं ठळक उदाहरण. एकतर त्याच्यावर कायमचा धन विद्युतभार असतो त्यामुळे तेलकट आवरणातून जाणं आधीच मुश्कील, आणि जे थोडंफार शिरतं ते पी-जीपी मागे ढकलतं. उंदरांमध्ये तोंडावाटे दिलेल्या बर्बेरीनचा एक टक्कासुद्धा मूळ रूपात रक्तात दिसत नाही.

आता माझी फजिती सांगते. मला पहिलं द्रव्य मिळालं ते कर्क्युमिन, हळदीचा पिवळा रंग ज्याने येतो ते. दोन तासांनी खालच्या सॅम्पलमध्ये जवळपास काही नाही, आणि वरच्यात टाकलेल्यातलं बरंचसं गायब. मी तर हरखलेच, म्हटलं सगळं पेशींनी आत घेतलंय, त्याच रात्री आलेख काढून मॅडमना पाठवला. सकाळी मॅडमनी एवढंच विचारलं, "पेशी नसलेल्या रिकाम्या प्लेटमध्ये टाकून बघितलंस का गं?" नव्हतं बघितलं. बघितलं तर तिथेही गायब! कर्क्युमिन आतड्यासारख्या आम्लतेच्या साध्या बफरमध्ये, ३७ अंशाला, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के स्वतःच मोडून पडतं, हे १९९७ मध्येच छापून आलेलं होतं आणि मी वाचलेलं नव्हतं. वर ते प्लॅस्टिकला चिकटतं, माझ्या पिपेटच्या टिप्स हळदीकुंकवाहून आल्यासारख्या पिवळ्या झाल्या होत्या आणि तरी मला शंका आली नाही. तेव्हापासून वरचं, खालचं, पेशीतलं आणि प्लॅस्टिकला लागलेलं सगळं मिळून टाकलेल्याइतकं भरतंय का, हा जमाखर्च मांडल्याशिवाय मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आत्याची शाळा म्हणा.

वनस्पतींच्या बाबतीत अशा खोड्या पुष्कळ. रिठा, शतावरी अशांमध्ये सॅपोनिन असतात, फेस येतो तो त्यांचाच, आणि ती पेशीच्या आवरणालाच भोकं पाडतात. अशा अर्काचं प्रमाण जरा जास्त झालं तर फरशीचे सांधे उखडतात आणि वरचं सगळं धो-धो खाली येतं. नवख्याला वाटतं काय सुंदर शोषण आहे! चॉपस्टिक घालून बघा, तीनशेचे तीस झालेले असतात. म्हणून प्रयोगानंतरसुद्धा विरोध मोजायचाच, आणि सोबत ल्युसिफर यलो नावाचा एक चमकणारा रंग टाकायचा जो शाबूत थरातून जवळजवळ जात नाही, तो खाली दिसला की प्लेट बाद. पेशी जिवंत आहेत का हे बघायची नेहमीची चाचणी असते, तिच्यात पिवळं रसायन जिवंत पेशींमुळे जांभळं होतं, पण काढ्यातली अँटीऑक्सिडंट स्वतःच ते जांभळं करून टाकतात. मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. काय बोलणार.

पूर्ण काढा तपासायचा असेल तर अजून एक करतात, चीनमध्ये त्यांच्या पारंपरिक औषधांवर हे खूप झालंय. काढाच्या काढा वर टाकायचा, आणि खाली कुठली शिखरं दिसतात ते एलसी-एमएसवर बघायचं, आलेखातलं एक शिखर म्हणजे ढोबळमानाने एक द्रव्य. वर समजा साठ शिखरं असतील आणि खाली सात आली तर त्या सातांकडे आधी लक्ष द्यायचं. याला स्क्रीनिंग म्हणायचं ते याच अर्थाने, चाळण. चाळणीतून पडलेलं पीठ चांगलंच असतं असं नाही आणि वर राहिलेला कोंडा टाकाऊच असतो असंही नाही, त्याकडे येतेच.

आता आत्याचं वीसपट. हा आकडा हवेतला नाही. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या गटाने निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, एकदा नुसतं आणि एकदा २० मिलिग्रॅम पिपेरिनसोबत, पिपेरिन म्हणजे मिरीचा तिखटपणा ज्यामुळे असतो ते. नुसत्या कर्क्युमिनने रक्तात जवळपास काही सापडलंच नाही, मिरीसोबत दिल्यावर पहिल्या तासाभरात सापडलं, आणि एकूण उपलब्धता २००० टक्के, म्हणजे वीसपट वाढलेली निघाली. तर आत्या, मूळ आकडा हा असा, जवळजवळ शून्य. शून्याच्या शेजारच्या आकड्याचे वीसपट.

आणि ते २ ग्रॅम कर्क्युमिन होतं, हळद नव्हे. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरा, म्हणजे सांगलीच्या बाजारातून आणलेली चांगली हळद पासष्ट-सत्तर ग्रॅम खावी लागेल, पोह्याच्या चमच्याने किती ते मोजू नका, कढई भरेल. भाजीत आपण अर्धा-पाऊण ग्रॅम घालतो. हळदीच्या दुधात चिमूटभर मिरी घालून वीसपट फायदा, असा फॉरवर्ड आला की मला या पासष्ट-सत्तर ग्रॅमची आठवण होते. दूध प्या, छान लागतं.

मिरी करते काय? दोन-तीन कामं एकदम. शेपूट चिकटवणारी एन्झाईम मंदावते, आणि २००२ मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या गटाने कॅको-२ पेशींवरच दाखवलं की पिपेरिन वॉचमनलाही अडवतं, त्यांनी हृदयाचं डिगॉक्सिन आणि सायक्लोस्पोरिन ही औषधं वापरून ते मोजलं होतं. यकृतातल्या सीवायपी-३ए४ या एन्झाईमलाही ते अडवतं हेही त्यांनी त्याच अभ्यासात दाखवलं. भारतात ही कल्पना जुनी आहे, जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुंठ-मिरी-पिंपळीच्या त्रिकटूवरून सुरुवात करून पिपेरिनला जैवउपलब्धता वाढवणारं द्रव्य म्हणून पुढे आणलं, आणि त्याच धाग्यावरून टीबीची एक गोळी आली ज्यात रिफॅम्पिसिन नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम पिपेरिन. त्रिकटू इतक्या पाठांमध्ये का घातलं जातं याला इथे एक शक्य कारण मिळतं. पण "आपल्या पूर्वजांना पी-जीपी माहीत होतं" हे नका करू. त्यांनी बघून बघून नोंदलं की असं दिलं तर गुण येतो, ते निरीक्षणच मोठं आहे, त्याला आपला पंप कशाला चिकटवायचा? सालई गुग्गुळाचंही तसंच, त्यातली बॉस्वेलिक आम्लं तेलकट, उपाशीपोटी कमी आणि तुपातेलाच्या जेवणासोबत कित्येक पट जास्त रक्तात जातात, आणि अनुपान म्हणून तूप सांगणारे वैद्य हेच करत होते, कारण न सांगता.

चाळणीवर राहिलेल्या कोंड्याचं म्हटलं होतं ना, ती सोनामुखी. तिच्यातली सेनोसाइड्स कॅको-२ वर टाका, सपशेल नापास, शोषलीच जात नाहीत. आणि औषध तर पिढ्यान्‌पिढ्या चालतंय! कारण तिला शोषलं जायचंच नाहीये. सेनोसाइड तसंच खाली मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जीवाणू त्याची साखर तोडून त्याचं खरं औषध बनवतात आणि ते जागच्या जागी काम करतं. रात्री घेतली की सकाळी परिणाम, तो मधला वेळ म्हणजे हा प्रवास. आमच्या प्लेटमध्ये जीवाणू नसतात, ते आले तर आम्ही ब्लीच ओततो. म्हणजे सोनामुखीला जे लागतं नेमकं तेच आमच्याकडे निषिद्ध.

साखरेवरून कांदा आठवला. कांद्यात क्वेर्सेटिन असतं, ग्लुकोज चिकटलेलं. सगळ्यांना वाटायचं की साखर चिकटलेलं द्रव्य जड, पाण्यात रमणारं, ते कसलं शोषलं जातंय. १९९५ मध्ये नेदरलँड्समध्ये ९ जणांवर बघितलं, ज्यांचं मोठं आतडं काढलेलं होतं त्यामुळे लहान आतड्यातून काय उरून बाहेर पडतं ते थेट मोजता आलं. नुसतं क्वेर्सेटिन २४ टक्के गेलं आणि कांद्यातलं, साखरेसकट, ५२ टक्के. वशिला! ग्लुकोजमुळे आतड्याच्या झालरीवर त्याची व्यवस्था होते. त्यामुळे शुद्ध करून वेगळं काढलेलं द्रव्य नेहमीच चांगलं शोषलं जाईल हा समज त्या दिवशी मोडला, निदान कांद्यापुरता.

कॅको-२ ची स्वतःची दुखणी तर आहेतच. सांधे खऱ्या लहान आतड्यापेक्षा फार घट्ट, त्यामुळे बोळातून जाणारी द्रव्यं उगाच नापास होतात. वर चिकट शेंबडासारखा थर नसतो, म्हणून काही लोक सोबत श्लेष्मा बनवणाऱ्या दुसऱ्या पेशी वाढवतात. एन्झाईम कमी. काही जण घाई असेल तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरतात, चार-पाच दिवसांत थर तयार. आणखी घाई असेल तर पेशीच नकोत, पडद्यावर नुसतं चरबीचं द्रावण लावून १९९८ मध्ये बाझेलला रोश कंपनीत काढलेली पद्धत आहे, एका दिवसात शेकडो द्रव्यं, पण तिथे ना वॉचमन ना वशिला. हार्वर्डच्या वीस (Wyss) नावाच्या इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये आतड्यासारखी आकुंचन पावणारी चिप दाखवली, तिच्यावर जीवाणूही जगतात. आमच्या बजेटमध्ये सध्या चॉपस्टिक आहे.

आत्याला मी हे सगळं तुकड्यातुकड्यांत सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न पुन्हा कॅशियरचा, "मिरी जर वॉचमनला बाजूला करते, तर मग फक्त हळदच आत जाते का?" मी म्हटलं, "आत्या, तू अजून कुठल्या गोळ्या घेतेस त्यांचे फोटो पाठव." पाच पाकिटांचे फोटो आले, तिसऱ्यावर डिगॉक्सिन. तेच, ज्याला श्टुटगार्टच्या प्लेटमध्ये पी-जीपी मागे ढकलत होता, आणि ज्याचा योग्य डोस आणि जास्त डोस यांत अंतर फार थोडं असतं. शिवाय मिरी मिसळून शोषण वाढवलेल्या हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झाल्याच्या केसेस इटली आणि अमेरिकेत नोंदल्या गेल्यात, तेही सांगितलं. प्लेटमध्ये दिसलं म्हणजे माणसात तितकंच होईल असं नाही, पण हे ठरवायचं काम माझं नाही, बाटली पिशवीत टाकून हृदयाच्या डॉक्टरांना दाखव म्हटलं. त्यांनी बघितलं आणि कॅप्सूल बंद करायला सांगितल्या.

संध्याकाळी फोन. "अगं, नऊशे रुपयांची बाटली, अर्धी तशीच आहे. टाकवत नाही. तुझ्या त्या पेशींना चालतील का?"

पाठव म्हटलं. सध्याच्या प्लेटचा आज बारावा दिवस आहे.